दिफुन्तापुढच्या तीन बाटल्या

१

"इथं! इथं आहे!"

रुफिनोची लांब सळई बर्फात छातीइतकी उतरली होती आणि मऊ कशावर तरी अडली होती. दगडावर सळई टणकन वाजते, जमिनीत रुतते. माणसावर आली की नुसती थांबते. आग्वाफ्रीयाच्या दरीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. सगळे धावले, फावडी चालली आणि लिसान्द्रोचा निळा हातमोजा वर आला. मग दंड, मग तोंड. ओठांभोवतीचा बर्फ वितळून पुन्हा काचेसारखा गोठला होता. म्हणजे पोराचा श्वास आत बराच वेळ चालू होता. एडेल्मानं ते पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्याच्या आईला तर नाहीच नाही.

आई, सेलेदोनिया, तशीच घरच्या सपाता घालून आली होती. ती पोराशेजारी बसली. पदरासारखं शालीचं टोक काढून तिनं त्याच्या केसांतला बर्फ पुसला. पुसून झाल्यावर मान वर केली ती थेट एडेल्माकडे.

"तू हिरवं लावलंस," ती म्हणाली. "तुझं फडकं बघून गेला तो. मावशी म्हणायचा गं तुला!"

दरीचा कायदा साधा आहे. गावाबाहेर फाट्यावर एक खांब आहे. तिथून वरच्या वाडीला दोन वाटा जातात. पोटवाट जवळची, पण ती 'काथवट' नावाच्या खोलगट उताराच्या अगदी पायथ्याशी जाते. डोंगराच्या धारेची वाट लांबची, दमछाक करणारी, पण डोक्यावर बर्फ नसलेली. ताजा बर्फ पडला की एडेल्मा वर जाऊन तो तपासते आणि खांबावर फडकं बांधते. हिरवं म्हणजे पोटवाट. लाल म्हणजे धार. एवढ्या वर्षांत त्या फडक्यावर कुणी उलट प्रश्न केलेला नाही.

काल दुपारी, बर्फ पडत असताना, तिनं स्वतःच्या हातानं लाल फडकं बांधलं होतं. आज सकाळी काथवटीतला बर्फ सुटल्याचा धडाका झाला, बोंब उठली, तेव्हा फाट्यावर पहिली पोचली तीही एडेल्माच. आणि खांबावर हिरवं फडफडत होतं.

२

सार्जंट ओलाव्हारिया हा गृहस्थ देशाच्या गरम उत्तरेकडच्या उन्हातला. दरीत बदली झाल्यापासून त्याचं नाक लाल आणि डोकं तापलेलं असायचं. लिसान्द्रोचा बाप एवारिस्तो याच्या खानावळीच्या मागच्या खोलीत त्यानं एडेल्माला बसवलं आणि तळलेली पुरी चघळत सुरुवात केली.

"एडेल्माबाई, वय झालं माणसाचं की हात चुकतो. त्यात लाज कसली? चुकून हिरवं लागलं, असं म्हणा. सही करा, मोकळ्या व्हा."

"मोकळी होईन की! पण तुम्ही रंग ओळखता ना? मग चला माझ्याबरोबर," एडेल्मा म्हणाली.

"तपासलं होतं तरी काय तुम्ही?"

"काथवटीच्या खांद्यावर खड्डा खणला. बर्फाची भिंत उघडी केली. नव्या बर्फाखाली, जुन्याच्या वर, हिमफुलांचा थर होता. निरभ्र थंडीत बर्फावर पिसांसारखे स्फटिक उगवतात ना, ते. दिसायला देखणे, पण त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. त्या बर्फाचाच एक खांब कापून मोकळा केला, त्यावर फावडं पालथं ठेवलं आणि मनगटानं नुसतं थोपटलं. कोपरापासून जोर लावावाच लागला नाही. वरचा थर ओट्यावरून पाट सरकावा तसा सरकून माझ्या मांडीवर आला. त्यात पश्चिमेचा वारा धारेवरचा सगळा बर्फ उचलून काथवटीतच ओतत होता. आता सांगा, असलं पाहून कोण बाई हिरवं बांधेल?"

सार्जंटनं पुरी खाली ठेवली आणि तिच्याबरोबर फाट्यावर आला.

फाट्यावर खांबाशेजारी एक पत्र्याची पेटी असते. फडकी तिच्यातच ठेवतात, कुलूप नसतं. एडेल्मानं झाकण उघडलं. वरच लाल फडकं होतं, घडी घातलेलं. तिनं ते उचललं तर पापडासारखं कडकडलं. एका अंगाला पांढऱ्या बर्फाचे बारीक काटे दाट उगवले होते, दुसरं अंग साफ.

"वाऱ्यात टांगलेल्या वस्तूला वाऱ्याकडूनच काटे येतात," ती म्हणाली. "हा खांब बघा, त्याच्याही पश्चिमेलाच काटे. आता हिरवं बघा, मऊसूत. एक काटा नाही. वादळभर खांबावर होतं लाल. पहाटे वारा पडल्यावर कुणीतरी ते सोडलं आणि हिरवं बांधलं."

सार्जंटनं दोन्ही फडकी हातात घेऊन पाहिली. वेडा नव्हता माणूस. पण मग त्यानं डोळे बारीक केले.

"पटलं. म्हणजे तुमचा हात चुकला नव्हता. मग पहाटे येऊन मुद्दाम कुणी बदललं? पेटी कुठं असते, कुठलं फडकं कसं बांधायचं, हे सगळ्यांत चांगलं कुणाला ठाऊक?"

"मला," एडेल्मा म्हणाली.

"आणि पहाटे तुम्ही कुठं होता?"

"घरी. एकटी."

"वा!" सार्जंट म्हणाला. बाईनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या गळ्यात दोर घालून घेतला होता.

३

एवढ्यात रुफिनो तिथं आला. हा दरीतला वाटाड्या. पाहुण्यांना बर्फावर फिरवून आणणं हा त्याचा धंदा आणि एडेल्माचं काम आपल्याला मिळावं ही जुनी इच्छा.

"सार्जंटसाहेब, उद्या सकाळी अंत्ययात्रा निघेल," तो म्हणाला. "दफनभूमी वरच्या वाडीत. पोटवाटेनं नेऊ."

"पोटवाटेनं?" एडेल्मा किंचाळलीच. "रुफिनो, डोकं ठिकाणावर आहे का?"

"ताई, काथवट रिकामी झाली. एकदा सुटलेला बर्फ परत काय सुटतो? सांडलेलं दूध पुन्हा सांडतं होय?"

"अर्धं सांडलंय! दक्षिणेकडचं. उत्तरेकडचा अर्धा तसाच लटकतोय, त्याच हिमफुलांवर. आणि ते बघ." तिनं पश्चिमेला बोट केलं. तिकडच्या ज्वालामुखी डोंगराच्या टोकावर ढगाची टोपी चढत होती. "पुन्हा वारा येतोय. सगळी दरी शवपेटीमागून काथवटीखालनं चालवणार आहेस?"

"मग लाल लावा की," रुफिनो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "लावा. पण बघणार कोण त्याच्याकडे? सेलेदोनियाकाकू म्हणते, त्या बाईच्या फडक्यामागं मी एक पाऊल चालणार नाही. आणि उद्या ती जिकडं जाईल तिकडं सगळे जातील."

तो गेला. स्वतःचं नाव गेलं तर गेलं. नाव काय चुलीत घालायचंय? पण उद्या सकाळी फडकं बांधलं आणि कुणी मानलं नाही तर? म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, सगळी त्या उताराखालून हळूहळू चालणार, रडत, थांबत. पहाटे हा खांब कुणी हाताळला ते आजच्या आज कळायला हवं होतं. दुसरा इलाज नव्हता.

तिची नजर खांबामागच्या दिफुन्ताकडे गेली. दिफुन्ता म्हणजे वाळवंटात तहानेनं मेलेली, मेल्यावरही पोराला पाजत राहिलेली आई. दगडी कोनाड्यात तिची मातीची मूर्ती, समोर कठड्याआडचा छोटा ओटा. येणारा-जाणारा तिच्यापुढं पाण्याची भरलेली बाटली ठेवतो. तिच्यापुढून रिकाम्या हातानं कुणी जात नाही. चोरसुद्धा नाही. जिवावरची धावपळ असेल तेवढीच ती माफ करते.

फाट्यावरचा सगळा बर्फ शोधणाऱ्यांनी तुडवून चिखल केला होता. कठड्याआत मात्र कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. नव्या बर्फावर, सकाळी तिनं धावता धावता पाहिल्या होत्या तशाच, दोन बाटल्या उभ्या होत्या.

"सार्जंटसाहेब," ती म्हणाली, "माझी साक्ष देणारं कुणीतरी इथं आहे बहुतेक."

४

तिनं आधी कोपऱ्यातला बर्फ हातानं उकरला. वीतभर खाली तिसरी बाटली निघाली, दोरा गुंडाळलेली.

"ही माझी. काल दुपारी ठेवली, रात्रभर तिच्यावर बर्फ पडला. पहाटे मी आले असते तर माझी दुसरी बाटली वर असती."

"नसती ठेवली तर?"

"साहेब, तुम्ही उत्तरेकडचे, दिफुन्ता तुमच्याच मुलखातली. तुमच्या आईला विचारा, दिफुन्तापुढून कोरडं जाता येतं का."

सार्जंटनं नकळत टोपी काढली. त्याच्या आईनं काय सांगितलं असतं हे त्याला ठाऊक होतं.

वरच्या दोन बाटल्यांपैकी एकीवर शहराच्या रस्त्यावरल्या पेट्रोलपंपाची चिठ्ठी होती. ती लिसान्द्रोची. तो काल वरच्या वाडीसाठी औषधं आणायला शहरात गेला होता, रस्ता बंद झाल्यानं तिकडंच राहिला, पहाटे चालत आला आणि खानावळीत न थांबता परस्पर वर गेला. बाटली बर्फावर सपाट उभी होती, टेबलावर ठेवावी तशी.

दुसरी बाटली वेगळी होती. ती बोटभर खाली खचली होती आणि तिच्या बुडाभोवती पारदर्शक बर्फाचं कडं गोठलेलं होतं.

एडेल्मा गुडघ्यांवर बसली. तिनं ते कडं नखानं खरवडलं. मग शेजारच्या लिसान्द्रोच्या बाटलीचं बूड चाचपलं.

"काय झालं?" सार्जंट अस्वस्थ झाला.

"ओढ्याचं पाणी असतं तर बाटली लिसान्द्रोच्या बाटलीसारखी उभी राहिली असती. ही खचली. खालचा बर्फ वितळला आणि पुन्हा गोठला. साहेब, या बाटलीत ठेवताना गरम पाणी होतं."

"देवीला गरम पाणी? कशासाठी?"

"कारण ज्यानं ठेवलं तो पाणी ठेवायला आलाच नव्हता. फडकं बदलायला आला होता. काम झालं, वळला, तर समोर ही. हात रिकामे. मग जवळ होतं ते दिलं. इथंच पडलेली रिकामी बाटली घेतली आणि थर्मासातलं, येर्बासाठी, म्हणजे नळीनं ओढायच्या पाल्याच्या चहासाठी आणलेलं पाणी तिच्यात ओतलं."

बाटलीतलं पाणी आता गच्च गोठलं होतं. तिनं ती शालीत गुंडाळली. दरीत थर्मास नसलेला माणूस शोधून सापडला नसता. पहाटे फाट्यावर येण्याचं कारण असलेले मात्र थोडेच होते, आणि ते सगळे आत्ता खानावळीपाशीच होते.

५

पहिला होता इंजिनिअर बासाविल्बासो. राजधानीहून मित्र घेऊन बर्फावर घसरायला आलेला. तीन दिवस खानावळीत अडकून वैतागलेला, कारण लाल असलं की पाहुण्यांना बर्फावर कुणी नेत नाही. काल रात्री जेवताना त्यानंच आरडाओरडा केला होता: सकाळी लाल दिसलं तर सामान बांधून, रस्ता उघडताच निघून जाऊ, पुन्हा या दरीचं नाव घेणार नाही.

"म्हणजे फडकं मी बदललं?" तो उसळला. "बाई, मी सूर्य उगवायच्या आत उठत नाही. शिवाय मला हिरवं दिसायला हवं होतं, लावायला नव्हे! न्याहारीला बसलो, एवारिस्तोनं पडदा सारला आणि म्हणाला, बघा, दिसतंय का हिरवं? आम्ही टाळ्या वाजवल्या. देवा रे, टाळ्या!" त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"फाट्यावरच्या दिफुन्ताला पाणी वाहिलंत कधी?"

"ते पाणी आहे? मला वाटलं, लोक कचरा टाकतात."

एडेल्माला हसू आलं आणि हसू आल्याची लाज वाटली. या माणसानं ती बाटली ठेवलेली नव्हती, हे तिला शपथेवर सांगता आलं असतं.

"येर्बा पिता?"

"कॉफी. मालकानं एकदा आग्रह करून नळी तोंडात दिली होती. अंगाच्या साबणासारखा वास येत होता, लिंबाच्या. पुन्हा नाही बुवा."

दुसरा रुफिनो. त्याला तिनं खानावळीच्या परसात लाकडं फोडताना गाठलं.

"माझ्यावर संशय?" त्यानं कुऱ्हाड रोवली. "घ्या की ताई. कशाला मागं राहता? तुमचं काम हवंय मला, तोंडावर सांगतो. तुम्ही म्हाताऱ्या झाल्या की मागून घेणार होतो. पण लिसान्द्रोबरोबर मी एका दोराला बांधून चढलोय."

"पहाटे दिफुन्तापुढं गेला होतास?"

"मी? मातीच्या बाईपुढं?" रुफिनोनं नाक मुरडलं. वर्षभरापूर्वी तो नव्या प्रार्थनाघरात जाऊ लागला होता आणि तेव्हापासून दरीतल्या प्रत्येक मूर्तीशी त्याचं वैर होतं. "आमचे पाद्री म्हणतात, मूर्तीला पाणी देण्यापेक्षा गाढवाला द्या. आईनं ठेवलेल्या बाटल्यासुद्धा मी ओतून दिल्या, म्हणून आई बोलत नाही माझ्याशी. विचारा गावात."

विचारायची गरज नव्हती. ते भांडण सगळ्या दरीनं ऐकलं होतं. फडकं बदललं असतं तर रुफिनो तसाच ताठ मानेनं परतला असता, कोरडा. मग उरलं कोण?

एडेल्मा खानावळीच्या दाराशी आली तेव्हा आतून एवारिस्तोचा आवाज आला. लिसान्द्रोच्या बापाचा. तो सार्जंटला म्हणत होता, "चौकशीबिकशी पुरे. देवाची मर्जी. त्या बाईला सोडून द्या. कुणालाही धरू नका."

पोराचं प्रेत घरात असताना बाप म्हणतो, कुणालाही धरू नका. एडेल्माचा पाय उंबऱ्यावरच थांबला.

६

संध्याकाळी खानावळीच्या मोठ्या खोलीत लिसान्द्रोला ठेवलं होतं. बाया जपमाळ ओढत होत्या. एडेल्मा आत आली तशी कुजबुज थांबली. दोघींनी तोंडं फिरवली. ती मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेली. तिथं चुलीवर सेद्रोनच्या पाल्याची जुडी वाळत टांगलेली होती आणि सेलेदोनिया पाठमोरी उभी होती.

"आलीस?" ती न वळता म्हणाली. "कशाला आलीस?"

"तुला भेटायला."

"मला नको भेटूस. त्याला भेट. आत आहे." मग तिचा आवाज बसला. "सकाळपासून कुणी खाल्लेलं नाही. एवारिस्तोनं तर येर्बासुद्धा सोडली. तीस वर्षं ज्याच्या हातातून थर्मास सुटला नाही, तो म्हणतो, फेकून दे तो थर्मास, डोळ्यांसमोर नको. दुःखानं माणूस असा होतो काय गं?"

"होत असेल," एडेल्मा म्हणाली. तिनं वर टांगलेल्या, लिंबासारख्या वासाच्या जुडीकडे पाहिलं. लिंबाचा साबण, म्हणाला होता इंजिनिअर. शालीतली बाटली वितळली आणि तोच वास आला तर?

एका क्षणात सगळं जागच्या जागी बसलं. पाहुणे निघून जाणार होते. हिवाळा आधीच वाया गेलेला. खिडकीतून खांब दिसतो. पहाटे उठून हिरवं बांधायचं, पाहुण्यांना न्याहारीला बसवायचं आणि मग काहीतरी सबब सांगून त्यांना पलीकडच्या सपाट टेकडीवर न्यायचं. काथवटीकडं कुणी जाणारच नाही. पाहुणे खूश, नुकसान कुणाचंच नाही. दुपारी पुन्हा लाल. आणि पोरगा तर शहरात अडकलाय, रस्ता बंद आहे. बापाला काय ठाऊक, पोरगं पायी निघालंय?

आता शालीतली बाटली एडेल्माला जड झाली. सार्जंटला एकट्याला गाठून दाखवावी, असं तिनं ठरवलं. या बाईचा पोरगा आजच गेला होता. नवराही आजच हिरावून घ्यायचा, तो आपल्या हातानं? पण उद्या सकाळची पोटवाट तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"कसली बाटली ती?" सेलेदोनियानं विचारलं.

"दिफुन्तापुढची. पहाटे कुणीतरी ठेवलेली. ज्यानं फडकं बदललं त्यानं."

"बदललं?" सेलेदोनिया वळली. "तू लाल लावलं होतंस?"

"माझ्या आईची शपथ. सार्जंटला विचार, फडकं बघितलंय त्यानं."

सेलेदोनियानं एडेल्माच्या हातातून बाटली ओढून घेतली आणि चुलीच्या कडेला उभी केली.

"सेले, राहू दे. इथं नको."

"इथंच. माझं पोर कुणी मारलं ते माझ्या चुलीपाशीच कळू दे."

सार्जंट दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्यामागं रुफिनो. आणि त्या दोघांच्या मागं, भिंतीला टेकून, एवारिस्तो. बाटलीत पाणी सुटू लागलं. आधी कडेनं, मग मधला गोळा तरंगू लागला. त्यात काहीतरी अडकलेलं होतं, लांबट, हिरवट. सेलेदोनियानं झाकण काढलं आणि वास खोलीभर आला. ओळखीचा, स्वच्छ, लिंबाचा वास.

सेलेदोनियानं बोट घालून ते पान बाहेर काढलं आणि तळहातावर ठेवलं.

"हे मी टाकते," ती म्हणाली. "रोज रात्री. थर्मासात. त्याच्या पोटात जळजळतं म्हणून. दरीत दुसरं कुणी टाकत नाही, सगळे हसतात आम्हाला."

एवारिस्तो भिंतीला टेकल्या टेकल्या खाली बसला.

"पहाटे मला हाक मारली नाहीस," ती त्याला म्हणाली. "मी विचारलं, कुठं गेला होतास, तर म्हणालास, लाकडं आणायला."

"मी तिच्याकडं मागितलं," एवारिस्तोचा आवाज ओळखू येत नव्हता. "पाणी ठेवलं आणि मागितलं, की आई, आज या वाटेनं कुणाला आणू नकोस. सेले, एवढंच मागितलं गं मी. एवढंच."

सार्जंटनं विचारलं, "मग दिवसभर बोलला का नाहीत? या बाईवर आळ येत होता!"

"तिला सोडा म्हणत होतो की!"

"सोडा म्हणत होतास," एडेल्मा म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त राग आला. "खरं मात्र नाही म्हणालास. दादा, उद्या सगळी दरी काथवटीखालून जाणार होती, तुझ्या गप्प बसण्यापायी. तुला तेही चाललं असतं?"

सेलेदोनियानं मूठ मिटली, पानासकट, आणि आत पोरापाशी जाऊन बसली. तिच्या मनात काय होतं ते कुणालाच कळलं नाही. एडेल्मालाही नाही.

७

सकाळी बर्फ भुरभुरत होता आणि वारा पश्चिमेचा होता. अंत्ययात्रा निघण्याआधी एडेल्मा फाट्यावर पोचली. तिनं पेटीतून लाल फडकं काढलं, पण हात आखडला. रात्री सेलेदोनियानं एक शब्द काढला नव्हता. ती पोटवाटेला वळली तर सगळे वळतील. मग खांबावर लाल असलं काय आणि नसलं काय?

शवपेटी घसरगाडीवर बांधली होती. पुढचा दोर रुफिनोच्या खांद्यावर होता. सार्जंटनं एवारिस्तोला पोराला पोचवायला येऊ दिलं होतं, स्वतः त्याच्या बाजूनं चालत होता. लोक एकेक करून दिफुन्तापुढं बाटल्या ठेवत होते. एवारिस्तो कठड्यापाशी आला आणि थांबला. त्याचे हात रिकामे होते. मागचे लोक थांबले. कुणी त्याला बाटली देईना.

सेलेदोनियानं शालीतून एक बाटली काढली, ओढ्याच्या पाण्याची, आणि त्याच्या हातात दिली.

"ठेव," ती म्हणाली. "ती तहानलेली आहे. तुझ्यासाठी नाही देत मी."

त्यानं ठेवली. बाटली बर्फावर सपाट उभी राहिली.

रुफिनोनं दोर सावरला आणि सवयीनं पोटवाटेकडं पाहिलं. वर काथवटीचा उत्तरेकडचा अर्धा भाग गुबगुबीत, निवांत दिसत होता. सगळी दरी सेलेदोनियाकडं बघत होती. तिनं वर पाहिलं, मग उघड्या खांबाकडं, मग एडेल्माच्या हातातल्या फडक्याकडं. रुफिनोच्या खांद्यावरचा दोर तिनं स्वतःच्या खांद्यावर घेतला.

"काकू, धारेनं लांब पडेल," रुफिनो हळूच म्हणाला. "चढ फार आहे. तुम्हाला झेपायचा नाही."

"माझ्या पोराला घाई नाही आता," सेलेदोनिया म्हणाली आणि धारेच्या वाटेला लागली. दोन पावलं जाऊन थांबली, मागं वळून एडेल्माला म्हणाली, "गाठ घट्ट मार गं, एडेल्मा. कुणाला सुटायला नको."